फक्कीच्या रेघांतलं विहार

कोल्हापूरच्या माणसाला कोल्हापूरच्या बाहेरही जग आहे हे जरा उशिराच कळतं. मला ते चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आणि कळलं ते लातूर-नांदेडकडे. परत आल्यापासून ऑफिसातल्या पोरी विचारतायत, "मॅडम, काय काय बघितलं?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. ज्यांना आमच्या धंद्याशी देणंघेणं नाही त्यांनी नुसतं जेवणाखाणाचं वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी इमारतींची डिझाइनं करते. मी आणि माझा भागीदार सुनील, असं दोघांचं छोटं ऑफिस आहे. बंगले, दवाखाने, अधूनमधून एखादं हॉटेल. दिवाळीनंतर एक दिवस फोन आला. मुखेड तालुक्यातल्या एका गावातून प्रल्हाद वाघमारे बोलत होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांच्या बौद्ध वस्तीला विहार बांधायचं होतं. आम्ही गडहिंग्लजला केलेल्या एका वाचनालयाचा फोटो त्यांनी मोबाइलवर पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात भरला होता.

मी विहाराचं डिझाइन केलं, आणि खरं सांगते, कित्येक वर्षांत इतक्या प्रेमानं काही केलं नव्हतं. बंगल्यांचा मला वीट आला होता. काळ्या दगडाच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, आत शिरताना किंचित वाकावं लागेल असं बुटकं दार. सोबतच्या टिपणात मी 'नम्र वास्तू' असं लिहिलं होतं आणि त्या शब्दावर मी स्वतःच खूश होते. प्रल्हादमामांचा निरोप आला, "कागद छान हाय. पण नांदेडच्या एका ठेकेदाराचा घुमटाचा नकाशा बी हाय आमच्याकडं. पुनवेला वस्ती बसणार. तुमी सोता या, समद्यांसमोर मांडा. मंग ठरवू."

सुनील म्हणाला, "मेल कर आणि मोकळी हो. एवढ्याशा कामासाठी कोण जातं तिकडं?" पण वस्तीनं नाही म्हटलं असतं तर ते विहार कागदावरच राहणार होतं, आणि मला ते उभं राहिलेलं बघायचं होतं. विहाराचं मॉडेल एका खोक्यात घातलं आणि निघाले.

लातूर

सकाळी गाडीतून उतरले आणि स्टेशनबाहेरच्या गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. नावावरून काहीतरी शाही असेल असं वाटलं होतं. निघाला तिखट मसालेभात, तोही भल्या सकाळी नाष्ट्याला. आमच्याकडे त्या वेळेला मिसळ ओरपतात, त्यामुळे मला नावं ठेवायची सोय नव्हती. दुसरी प्लेट मागितली तेव्हा गाडीवाल्यानं एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं.

मग गंजगोलाईला गेले. डिझाइनच्या पुस्तकांत परदेशातले गोल चौक पाहून आम्ही माना डोलावतो आणि हे आपल्याच राज्यात आहे ते कुणी सांगत नाही. मधोमध गोल इमारत, तिथं देवीचं देऊळ, आणि तिथून चहूबाजूंना सुटलेले सोळा रस्ते. एकात सोनं, एकात भांडी, एकात चपला, एकात गूळ. मी वेड्यासारखी गोल गोल फिरले. दोनदा तोच पेरूवाला भेटला, तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "बाई, कुणाला हुडकायलाव का?" मी म्हटलं, काही नाही, बघतेय नुसतं. "मंग बगा," म्हणाला आणि एक पेरू कापून हातावर ठेवला.

मला विहाराच्या दारासाठी पितळी कडी हवी होती, जुन्या घडणीची. एका दुकानात इस्माईलभाई म्हणून वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे तशी कडी नव्हती. आमच्याकडचा दुकानदार असता तर "हीच घ्या, हीच चालते आता" म्हणून दुसरीच गळ्यात मारली असती. इस्माईलभाई उठले, दुकान शेजाऱ्याला बघायला सांगितलं आणि मला सरळ दुसऱ्या रस्त्यावरच्या दुकानात घेऊन गेले, जे त्यांच्याच धंद्यातलं होतं. मी विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक तुम्ही यांना कशाला दिलंत?"

"गोलाईत येऊन माणूस रिकाम्या हातानं गेला तर नाव गोलाईचं खराब होतं, ताई. माझं एकट्याचं न्हाई."

आमच्या धंद्यात आम्ही एकमेकांची कामं चोरून बघतो आणि चारचौघांत ओळखसुद्धा देत नाही. मला कौतुक वाटलं आणि थोडी लाजही.

कडी मिळाली. इस्माईलभाईंनी सहज विचारलं, "दार कसलं हाय? भिंती कशाच्या?" मी मोठ्या उत्साहात सांगितलं, काळ्या दगडाच्या, चांगल्या जाड, आणि दारावर सबंध दगडी तुळई. इस्माईलभाईंनी हातातली कडी खाली ठेवली. ते दुसरे दुकानदार तर उगाचच काउंटर पुसायला लागले.

"छत पत्र्याचं टाका, शिमीटचं टाका," इस्माईलभाई हळू आवाजात म्हणाले, "पण माणसाच्या डोक्यावर दगड नका ठेवू. भूकंपात आमी काय बघितलं ते आमाला मालूम."

मी शहाणपणा केला. "पण मुखेड इथून लांब आहे ना?"

"मुखेडला आमची बहीण दिल्याली. त्यानंतर लई दिवस तिथं बी समदे अंगणातच झोपायलते. आता जलमलेली लेकरं बी दगडाच्या घरात झोपायला नको म्हणतेत. आयांकडून ऐकल्यालं असतंय त्यांनी."

भूकंपाबद्दल मी वाचलं होतं. दगडामातीच्या घरांनी माणसं गाडली हेही माहीत होतं. तरीही माझ्या कागदावर दगड आला होता, कारण तो फोटोत छान दिसतो. दुपारी लॉजवर बसून मी भिंती विटांच्या केल्या, कॉलम घातले आणि सुनीलला कळवलं. तो हळहळला, "अगं, दगड हाच तर त्याचा जीव होता." मी म्हटलं, जीव आत बसणाऱ्यांचा असतो, आणि फोन ठेवला. बोलले जोरात खरी, पण डिझाइनमधला माझा सगळ्यात आवडता भाग गेला होता आणि वाईट वाटायचं ते वाटलंच.

नांदेड

दुसऱ्या दिवशी एसटीनं अहमदपूरमार्गे नांदेड. वाटेत दोन्हीकडे तुरी उभ्या होत्या, ज्वारी कणसात आली होती. अहमदपूरच्या स्टँडवर एका बाईंनी ओंजळभर कोवळा हुरडा माझ्या हातावर ओतला, नाव-गाव काहीही न विचारता. गाडी सुटली तेव्हा आभार मानायचे राहिले म्हणून मी खिडकीतून हात हलवला. त्यांनी "खावा, खावा" अशी खूण केली.

नांदेडला मला न्यायला सिद्धार्थ आला होता. हा प्रल्हादमामांचा भाचा, उमरीला तलाठी आहे. तिशीतला, नीटनेटका, आणि बोलण्यात सरकारी शुद्ध मराठी. वस्तीत घुमटाचा नकाशा आणला तो यानंच, हे मला फोनवर कळलं होतं. म्हणजे माझा विरोधी पक्षच मला न्यायला आला होता. पहिलं वाक्य बोलला ते असं, "जय भीम मॅडम. नांदेडला आल्यावर आधी लंगरला जेवायचं. भांडण नंतर करू."

गुरुद्वाऱ्याच्या लंगरबद्दल ऐकून होते. पण ऐकणं वेगळं. हजारो माणसं येतायत, बसतायत, जेवतायत, उठतायत, आणि कुठंही एक पाटी नाही, बाण नाही, 'रांगेत या' असा भोंगा नाही. ताटांचा खणखणाट सारखा चालू. मी पंगतीत बसले. वाढणारे एक सरदारजी रोट्यांची टोपली घेऊन आले. मी सवयीनं एक हात पुढे केला. ते थांबले. रागावले नाहीत, बोलले नाहीत, नुसते थांबले. शेजारच्या आजींनी आपले दोन्ही हात ओंजळ करून पुढे धरले आणि माझ्याकडे बघितलं. मीही ओंजळ केली तेव्हा रोटी हातात पडली.

मी ताट पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. आम्ही मॉलमध्ये लोकांनी कुठं वळावं म्हणून पाट्यांची डिझाइनं करतो, त्यांचे बक्कळ पैसे घेतो, आणि तरी लोक चुकतात. इथं माणूसच माणसाला दाखवतो. जागा अशी मांडलेली आहे की नवख्याच्या शेजारी नेहमीचा माणूस बसलेला असतोच. डाळ साधी होती. इतकी चवदार डाळ मी आजवर खाल्ली नाही, आणि हे मी कोल्हापूरची असून सांगते.

नंतर आम्ही गोदावरीच्या घाटावर बसलो आणि ठरल्याप्रमाणे भांडलो.

"तुमचं डिझाइन सुंदर आहे," सिद्धार्थ म्हणाला. "पण बुटकं आहे."

"नम्र आहे," मी म्हटलं.

"नम्र तुम्ही व्हा, मॅडम. आम्ही पुष्कळ झालो."

मला राग आला. मी त्याला ऐकवलं की गावोगावी सिमेंटचे घुमट झालेत, सगळे एकसारखे, प्रमाण नाही, उन्हाळ्यात आत भट्टी होते. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सगळं बरोबर आहे तुमचं. पण रस्त्यानं आलं की आमच्या गावात काय दिसतं माहितीये? देवळाचं शिखर दिसतं, मशिदीचा मिनार दिसतो, पाण्याची टाकी दिसते. आमची वस्ती दिसत न्हाई." इथं त्याची सरकारी मराठी सुटली. "पाव्हण्याला इचारत यावं लागतंय. आन् इचारलं की लोकं तोंडानं नाव बी घेईनात, हातानं नुसतं 'तिकडं' करतेत. आमाला एकदा तरी रस्त्यावरून दिसायचंय."

पण मी हट्टी आहे. मनातल्या मनात म्हटलं, पौर्णिमेला मॉडेल मांडते, मग बघू वस्ती कुणाच्या बाजूनं बोलते.

मुखेडच्या पुढं

मॉडेलचं काय झालं ते सांगायला हवं. सिद्धार्थ त्याच्या मोटारसायकलवर पुढे गेला आणि मी खोकं मांडीवर घेऊन मुखेडच्या एसटीत बसले. मुखेडचा आठवडी बाजार होता, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी एक आजी बसल्या. त्यांनी मला विचारलं, "माय, खोक्यात काय हाय?" मी म्हटलं, घर आहे. "चांगलं हाय," म्हणाल्या, आणि आपलं शेंगांचं भलंमोठं गाठोडं त्यावर ठेवून निवांत झोपल्या. मी त्यांना उठवायला हवं होतं. पण त्या इतक्या विश्वासानं झोपल्या होत्या की मला धीर झाला नाही. मुखेडला उतरून खोकं उघडलं तर माझ्या विहाराची पोळी झालेली.

स्टँडवर प्रल्हादमामा उभे होते. उंच, पांढरे कपडे, हातात किल्ल्या नसतानाही ड्रायव्हरसारखेच उभे. खोक्यात डोकावून त्यांनी खो खो हसायला सुरुवात केली. "आवो, ह्यो तर मांडवच पडला की! असू द्या. तसं बी वस्तीतल्या बायांना खेळण्यातलं काय कळणार? उंद्या आपण खरंच आखू. फक्कीनं. आमी लग्नाचा मांडव बी आदल्या दिशी फक्कीनं आखून बगताव, कोण कुटं बसंल ते. मंग भांडण होत न्हाई."

वस्ती गावाच्या उताराला होती, तुरीच्या शेतांमागं. विहाराची जागा सोजरमायनं दिली होती. सोजरमाय सत्तरीतल्या, एकट्या राहणाऱ्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या. सगळी वस्ती त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली, सिद्धार्थसुद्धा. आपल्या घराचं पुढचं सगळं अंगण त्यांनी विहाराला लिहून दिलं होतं. मी त्यांच्याकडेच उतरले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईचं कच्चं तेल आणि ठेचा. तिखटात आम्हाला कोण हरवणार अशा तोऱ्यात मी ठेचा चांगला बोटभर घेतला, आणि पुढचा बराच वेळ मला बोलता आलं नाही. सोजरमायनं ताकाचा तांब्या पुढे सरकवला. "कोल्हापुरात मिरची न्हाई व्हय?" त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं.

पौर्णिमेच्या सकाळी वस्ती अंगणात जमली. सिद्धार्थनं टेप आणला होता. मी मापं वाचत गेले, तो खुंट्या ठोकत गेला, पोरांनी सुतळ्या ताणल्या आणि प्रल्हादमामा डब्यातून चुन्याची फक्की सोडत गेले. कित्येक आठवडे जे स्क्रीनवर बघत होते ते जमिनीवर पांढऱ्या रेघांत उमटत होतं. आखून झालं तेव्हा मी आत उभी राहिले आणि मला ते एकाच वेळी केवढं मोठं आणि किती लहान वाटलं ते सांगता येत नाही.

मग लोक आले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. आणि मी बघतच राहिले. जिथं फक्कीनं पायऱ्या आखल्या होत्या तिथं प्रत्येकानं चपला काढल्या. जिथं दाराची फट सोडली होती तिथूनच प्रत्येक जण आत आला. उघड्या अंगणात, जिथं कुठूनही येता येत होतं, तिथं एकानंही रेघ ओलांडली नाही. कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, सगळे वळसा घालून दारातून आले. आत आल्यावर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले, जसे छताखाली येतात. बुद्ध-भीमाच्या दोन्ही मूर्ती एका टेबलावर ठेवल्या होत्या, माझ्या नकाशातल्या जागी. वंदना सुरू झाली. आभाळ उघडं होतं आणि तरी मी एका इमारतीत बसले होते. माझे डोळे भरून आले आणि ते मी पुसलेही नाहीत.

या व्यवसायात वीसेक वर्षं काढली. गिऱ्हाईक नकाशा बघून "छान आहे" म्हणतं, आणि घर बांधून झाल्यावर रडतं. कारण त्याला नकाशा वाचता येत नाही आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटते. जागेवर खऱ्या मापात आखून त्यात माणसं बसवायची, ही साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती. हल्ली आम्ही प्रत्येक कामात हे करतो. सुनीलच्या गाडीच्या डिकीत कायम फक्कीची पिशवी असते आणि तो कुरकुर करतो. पण गिऱ्हाईक आता भिंत बांधण्याआधीच, रेघेपाशीच, ती हलवायला सांगतं.

वंदना संपत आली तशा सोजरमाय मागच्या बाजूनं, आपल्या घरातून, खिरीचं पातेलं घेऊन आल्या. मूर्तीच्या बाजूच्या भिंतीपाशी, म्हणजे फक्कीच्या रेघेपाशी, आल्या आणि थांबल्या. त्यांचं दार आणि आम्ही बसलो होतो ती जागा यांत हाताभराचं अंतर होतं. मी पटकन म्हटलं, "या की, ओलांडून या."

"भित्तीतून कसं येऊ, माय?"

असं म्हणून त्या वळल्या. पातेलं जड होतं. त्या आपल्याच अंगणाच्या कडेकडेनं गल्लीत गेल्या, गल्लीतून रस्त्यावर, रस्त्यावरून पुन्हा पुढच्या बाजूला. सगळ्या वस्तीच्या माना त्यांच्याबरोबर फिरत गेल्या. कुणी मदतीला उठलं नाही, कारण काय चाललंय ते सगळ्यांना एकदमच कळलं होतं. ज्या बाईनं अंगण दिलं तिला त्यात यायला मी दारच ठेवलं नव्हतं. सोजरमाय दारातून आल्या, चपला काढल्या, वाकून वंदन केलं आणि खीर खाली ठेवली.

मी ताडकन उठले आणि त्या बाजूची रेघ पायानं पुसायला गेले. दोन-तीन बाया एकदम ओरडल्या, "पायानं नका, ताई!" एकीनं तांब्याभर पाणी आणून तेवढी रेघ हातानं धुऊन काढली.

"माझ्यासाठी दार नगं," सोजरमाय म्हणाल्या. "उंद्या मी न्हाई ऱ्हायले तर त्या दाराचं काय करताव?"

"तवा दुसरं कुणी खीर घिऊन यील," प्रल्हादमामा म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला.

खीर वाटायला सुरुवात झाली तेव्हा सिद्धार्थ माझ्याजवळ आला. "मॅडम, लांबी-रुंदी झाली. उंची फक्कीनं येत नाही."

मला वाटलं आता पुन्हा घुमटावर वाद होणार. पण त्यानं एक बांबू आणला, माझ्या छपराच्या उंचीवर पंचशील ध्वज बांधला आणि दोघांना तो विहाराच्या मध्यावर उभा धरायला सांगितला. प्रल्हादमामांनी फोन काढला. मुखेडहून येणाऱ्या गाडीवर त्यांच्या जुन्या डेपोतलाच एक ड्रायव्हर होता. "अलीकडच्या थांब्यावर हायस का? ऐक. गावाजवळ आलास की आमच्या वस्तीकडं बगत ये. झेंडा दिसला की हॉर्न मार. न्हाई दिसला तर मारू नको. माझ्या भिडंपायी मारू नको."

मला आधी गंमत वाटली. मग अंगणात जी शांतता पसरली ती ऐकून गंमत गेली. सगळी वस्ती हातात खिरीच्या वाट्या घेऊन कान देऊन बसली होती. लांबून इंजिनाचा आवाज आला, वाढला, तुरीच्या पलीकडून अगदी जवळून गेला. आणि पुढे निघून गेला. हॉर्न वाजला नाही.

थोड्या वेळानं थांब्यावरून ड्रायव्हरचा फोन आला. "कुटं हाय झेंडा? मला टाकी दिसली, देऊळ दिसलं. तुमच्या अंगाला नुसत्या तुरी."

सिद्धार्थनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि हे त्याचे माझ्यावर उपकारच झाले. माझी नम्र वास्तू तुरीच्या पिकाखाली गडप झाली होती. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून वावरले, त्यांच्यासाठी मी वाकून आत शिरायचं दार केलं होतं आणि वर त्याला सौंदर्य म्हणत होते. आमच्या धंद्यात साधेपणा ही आवड असते. ज्यानं भरपूर मिरवून घेतलंय त्याला ती परवडते. एवढं कळायला मला कोल्हापूर सोडून इतक्या लांब यावं लागलं.

"किती उंच करायचं?" मी विचारलं.

"गाडी पुढच्या गावाला जाऊन परत यील," प्रल्हादमामा म्हणाले. "तवर बांबू जोडा."

मग जी धांदल उडाली! कुणी घरावरचा बांबू सोडून आणला, कुणी काथ्या आणला. बायांनी जुन्या साड्यांच्या पट्ट्या करून दिल्या. सिद्धार्थ सरकारी शर्टाच्या बाह्या वर सारून गाठी मारत होता आणि सोजरमाय त्याला, "आवळून बांद रे, पोरा, खिचडी खाल्ली न्हाईस का?" म्हणून डाफरत होत्या. बांबूला बांबू जोडून काठी इतकी लांब झाली की उभी करताना ती आमच्याच अंगावर आली आणि सगळे हसत सैरावैरा पळाले. दुसऱ्यांदा ती उभी राहिली. खाली चार-पाच जणांनी धरली होती, त्यांत मीही होते. वर ध्वज फडफडायला लागला.

"घुमट करायचा का?" मी काठी धरल्या धरल्या सिद्धार्थला विचारलं.

"घुमट करा, न्हाईतर तुमचं छप्पर ठेवा," तो म्हणाला. "एवढं उंच पायजे."

मी मनात छप्पर उचलत होते. भिंती वर न्यायच्या, दार ताठ मानेनं शिरता येईल एवढं करायचं, मधला भाग अजून वर काढायचा, त्यातून उजेड घ्यायचा. चित्र जुळत होतं. तेवढ्यात लांबून गाडीचा आवाज यायला लागला.

एका लेकरानं काहीतरी विचारलं तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या आयुष्यात इतक्या सादरीकरणांचे निकाल लागलेत, पण निकालासाठी असे कान कधी टवकारले नव्हते. आवाज वाढत गेला, आणि अजून गाडी लांबच असताना हॉर्न वाजला. एकदा वाजून थांबला नाही. गाडी तुरीपलीकडून जाईपर्यंत तो वाजतच राहिला.

कुणी आरोळी ठोकली, कुणी टाळ्या वाजवल्या. काठी सोडायचं भान कुणालाच नव्हतं. प्रल्हादमामांचा फोन वाजला, थांब्यावरून. त्यांनी तो कानाला लावला, पण गलक्यात त्यांना काही ऐकू येईना. सोजरमायनं त्यांच्या हातातून फोन घेतला. सिद्धार्थनं पुढे होऊन आवाज मोठा करून दिला.

"काय दिसलं रे, बाबा?" त्यांनी विचारलं.

पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "माय, तुमची वस्ती दिसली."